वादळात राहिलेल्या पाली

समुद्रकाठच्या एका गावी एकदा एक वृद्ध आचार्य राहत असत. शास्त्रे त्यांना मुखोद्गत होती. परंतु उतारवयात त्यांनी पोथ्या बाजूला ठेवल्या आणि पालींचा अभ्यास आरंभिला. देवराईतल्या झाडांवरची पाल हलक्या हाताने धरायची, दर्भाच्या काडीने तिचे पाय मापायचे, बोटांखालच्या गाद्या किती रुंद ते पाहायचे, सगळे लिहून घ्यायचे आणि पाल पुन्हा त्याच झाडावर सोडायची, असा त्यांचा क्रम. अंगावर पाल पडली तर स्नान करणारे ते गाव. म्हाताऱ्याला भ्रम झाला असावा असे लोकांना वाटे. पण गावातल्या दोन पिढ्यांनी त्यांच्यापाशीच अक्षर गिरवले होते, म्हणून तोंडावर कोणी काही बोलत नसे.

या कामात नरहरी नावाचा शिष्य त्यांच्यासोबत असे. वय तिशीच्या आसपास, बांधा ठेंगणा आणि आडवा. त्याचा थोरला भाऊ श्रीधर अगदी उलट. उंच, लांब पायांचा. धावण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. दोघांची घरे वेगळी होती, पण आगरातली माडांची कामे ते एकत्र करीत.

त्या वर्षी कार्तिकात वादळ आले. भर दुपारी आकाश काळे झाले, वारा सुटला आणि दोघे भाऊ काम करीत होते त्या आगरात खाडीचे पाणी घुसले. वारा पडला तेव्हा गावातली निम्मी घरे आडवी झाली होती. नरहरी एकटाच चालत घरी आला. श्रीधर आला नाही. तिसऱ्या दिवशी त्याचा देह खाडीच्या पलीकडच्या काठाला मिळाला.

काय घडले ते नरहरीने कोणाला सांगितले नाही. लोकांनी आपापल्या परीने तर्क केला आणि त्यातून एक वाक्य गावभर झाले: ‘धावणारा गेला, रांगणारा राहिला.’ म्हणणाऱ्यांच्या मनात विष नव्हते, तरी ते वाक्य नरहरीच्या काळजात रुतून बसले. भावाच्या घरी जाणे त्याने टाळले. वहिनी विहिरीवर गेलेली पाहून तो सरपणाची मोळी तिच्या अंगणात टाकी आणि तसाच मागे फिरे.

महिनाभराने आचार्यांचा निरोप आला. देवराईतल्या पाली पुन्हा मापायच्या होत्या. नरहरीला संताप आला. माणसे अजून छपराविना झोपत होती आणि हे पालींचे पाय मोजायला निघाले होते. पण गुरूचा शब्द मोडण्याची त्याला सवय नव्हती. तो गेला. आठ दिवस दोघे झाडे धुंडाळत राहिले. वादळापूर्वी बेचाळीस पाली मिळाल्या होत्या, आता एकोणीस मिळाल्या; या वेळी त्या लगेच न सोडता टोपलीत ठेवल्या. त्यांतल्या बहुतेकींचे मागचे पाय आखूड होते आणि बोटांच्या गाद्या रुंद. लांब पायांच्या अवघ्या तीन होत्या. त्या ढोलीत खोल शिरल्या म्हणून वाचल्या असाव्यात.

नवव्या दिवशी आचार्यांनी जे केले ते पाहून लोहारसुद्धा हसला. त्यांनी त्याचा भाता मागून आणला, देवराईत एक काठी उभी रोवली, तिच्याखाली कापूस भरलेली गोधडी पसरली आणि काठीवर एक पाल ठेवून नरहरीला भाता चालवायला सांगितले.

पहिली पाल लांब पायांची होती. पकडायला गेले तेव्हा झाडाच्या बुंध्यावर तीच इतक्या चपळाईने पळाली होती की नजर ठरली नाही. भात्याचा वारा लागताच ती काठीच्या आडोशाला गेली आणि चिकटून राहिली. नरहरीने जोर वाढवला. तिचे मागचे पाय काठीपासून सुटले, त्यांत शिडासारखा वारा भरला आणि ती अलगद उडून गोधडीवर पडली. मग आखूड पायांची एक ठेवली. वाऱ्याने ती शेपटीपर्यंत आडवी झाली, फडफडली. पण पुढच्या दोन पायांची पकड काही सुटली नाही. एकामागून एक सगळ्या पालींचे असेच झाले: लांब पायांच्या उडाल्या, आखूड पायांच्या टिकल्या. एकीलाही इजा झाली नाही.

नरहरीने भाता खाली ठेवला. आचार्य लिहीत होते. तो म्हणाला, “म्हणजे लोक म्हणतात ते खरेच आहे, आचार्य. दादाचे पाय लांब होते.”

“आणि तू?” आचार्यांनी विचारले. “तू झाडाला धरून राहिलास?”

नरहरीचा बांध तिथे फुटला. महिनाभर जे ओठांआड ठेवले होते ते तो सांगू लागला. पाणी कमरेला आले तेव्हा त्याचे पाय उखडले होते. श्रीधरने त्याला ओढत उंडीच्या झाडापाशी नेले, स्वतःचे उपरणे सोडले आणि त्याला बुंध्याशी करकचून बांधले. मग गोठ्यातली गुरे हंबरताना ऐकू आली. ‘दावी सोडून आलोच,’ असे म्हणून श्रीधर धावला, तो परतला नाही. नरहरीने झाड धरले नव्हते. त्याला धरवत नव्हते. त्या उपरण्याने त्याला धरले होते, आणि हे वहिनीला कोणत्या तोंडाने सांगावे ते त्याला कळत नव्हते.

आचार्यांनी लेखणी ठेवली आणि एक पाल तळहातावर घेतली.

“नरहरी, या उरल्या म्हणून त्या अधिक गुणी ठरत नाहीत. वर्षानुवर्षे इथे वारा शांत असतो. तेव्हा खाली साप असतो, पुढे किडा पळत असतो, आणि लांब पायच जीव वाचवतात. त्या दिवशी ज्या उडून गेल्या, त्यांच्या आज्या-पणज्यांनी याच पायांनी हे कुळ इथवर आणले. आता वादळाने पकड असलेल्या ठेवल्या, पिलेही बहुतेक तशीच निपजतील. पुन्हा पुष्कळ काळ शांत गेला, तर पाय पुन्हा लांबतील. देह असे जागेने आणि ऋतूने पिढ्यापिढ्या घडतात. यात गेलेल्याचा दोष नाही आणि राहिलेल्याचा पराक्रम नाही.”

ते पुढे म्हणाले, “पण तुझी गोष्ट पालीची नाही. पालीला आपल्याच बोटांनी धरावे लागते. एका पालीने दुसरीला झाडाशी बांधले, असे मी इतक्या वर्षांत पाहिलेले नाही. माणसाला मात्र दुसरा माणूस धरून ठेवतो. आपण वाचलो याची लाज वाटली की मनुष्य तोंड लपवतो. कृतज्ञता वाटली की तो त्या घरी जातो आणि काय मिळाले ते सांगतो. यांतले काय करायचे ते तू ठरव.”

 नरहरीने एकोणीस पाली जिच्या तिच्या झाडावर नेऊन सोडल्या. मग तो भावाच्या घरी गेला.

भागीरथीवहिनी ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. तो समोर उभा राहिला आणि त्याने काही न वगळता सगळे सांगून टाकले. त्यांचे हात सुपातच थांबले. 

“गुरे आपापली घरी आली, तेव्हाच मी ओळखले होते की दावी कोणीतरी सोडली,” त्या म्हणाल्या. “मला वाटायचे, जनावरांपायी गेले, आमचा कोणाचा विचार मनात आला नाही त्यांच्या. तुम्हांला आधी बांधले आणि मग गेले, हे मला ठाऊक नव्हते, भावोजी. बरे केलेत सांगितलेत.” पदराने डोळे पुसून त्यांनी दोन्ही मुलांना हाक मारली. “हे त्यांनाही सांगा. माझ्यापेक्षा तुम्हीच सांगा.”

मुले येऊन त्याच्या दोन बाजूंना बसली.  

“तुमचे बाबा फार वेगाने धावत,” नरहरी म्हणाला. “पाणी चढत होते आणि गोठा लांब होता. तेवढ्या वेळात तिथवर पोचणे दुसऱ्या कोणाला जमलेच नसते.”