राजाच्या बिघडलेल्या वड्या

राजेलोकसुद्धा आईच्या धाकात असत, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट. एका नगरीचा राजा मूलबाळ नसताना वारला. रीतीप्रमाणे हत्तिणीच्या सोंडेत माळ दिली आणि तिने ती नेमकी एका गरीब विधवेच्या मुलाच्या गळ्यात घातली. झालं! मुलगा राजा झाला आणि त्याची आई राजमाता.

ही बाई लग्नघरी बदामाच्या वड्या करून देई. दोन बोटांत पाकाची तार धरून पाहिली की तिचा अंदाज कधी चुकत नसे. राजाने मात्र तिला बजावलं, "आई, आता तू इकडची काडी तिकडे करायची नाहीस." तिच्या दिमतीला दासी आल्या. नाकावर माशी बसली तरी ती हाकलायला दासी धावे. मुलगा गुणी होता हो, पण प्रेमापुढे त्याची अक्कल चालेना.

वर्ष सरलं नाही तोच राजमातेचं अन्न तुटलं. तिने अंथरूण धरलं. राजवैद्यांनी काढे दिले, मुदपाकखान्यातून ताटं आली नि तशीच परत गेली. "भूकच नाही रे बाळा," एवढंच ती म्हणे. आई आता हाती लागत नाही, या भीतीने राजालाही घास गोड लागेना.

शेवटी त्याने ठरवलं, तिच्या आवडीच्या वड्या स्वतःच्या हाताने करायच्या. तिच्या दालनाबाहेरच चूल मांडली. गरम पाण्यात भिजवलेले बदाम तो सोलायला बसला. चिमटीत दाबला की बदाम सालातून टुणकन उडे. एक तर थेट प्रधानजींच्या पागोट्यावर जाऊन बसला. सोललेले बदाम कोरडे करून कुटले, चुलीवर साखरेचा पाक ठेवला. इथवर ठीक होतं. मग पाक उकळू लागला आणि राजाची पाचावर धारण बसली. त्याने घाईघाईने बदामाची पूड ओतली, पण पाक केव्हाच पुढे गेला होता. सगळं कोरडं, भुसभुशीत होऊन बसलं.

लहानपणी मारायचा तशीच हाक त्याने मारली. "आई गं, हे बिघडलं! आता काय करू?"

आतून आवाज आला, "पाकाची तार पाहिलीस का?"

"नाही पाहिली."

"मग काय पाहत होतास? थांब, हात लावू नकोस."

दासी धावल्या, पण राजमाता उठलीसुद्धा. भिंतीला धरत ती बाहेर आली, पदर खोचून चुलीपाशी बसली. तिने मिश्रणावर दुधाचा हबका मारला, आच कमी केली आणि गोळा कडा सोडेपर्यंत राजाकडून घोटून घेतलं. मग तूप लावलेल्या ताटात तो गोळा तिने स्वतः थापला आणि गरम असतानाच वड्या पाडल्या. कडेचा एक तुकडा तिने तोंडात टाकला. मग दुसरा.

"साखर जरा जास्तच ओतलीस," ती म्हणाली. "आणि मला भूक लागलीय. भाकरी आहे का?"

राजाला एकदम रडू आलं. आईचे हात आपणच रिकामे केले होते, हे त्याला आता कळलं.

त्याच दिवशी त्याने मुदपाकखान्याच्या किल्ल्या आईच्या कमरेला लावल्या. पुढे ती पुष्कळ वर्षं जगली, आणि वड्या करताना दर वेळी राजाला पाकावरून बोलणी ऐकवत राहिली.

तात्पर्य: आपल्या माणसाला सुख द्यायचं म्हणून त्याच्या हातचं काम काढून घेऊ नये.