अण्णा टेंभेकर आणि गावातली म्हातारी कुत्री

तांबेवाडी गावात एक भोळा माणूस होता. तो चौतीस वर्षं सरकारी नोकरीत होता, त्यामुळे ही गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती.

त्याचं नाव विनायक टेंभेकर. गाव त्यांना अण्णा म्हणायचं. पंचायत समितीच्या कचेरीत ते आवक-जावक सांभाळत. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, गेलेल्या कागदावर शिक्का मारायचा. साहेब 'मारा' म्हणाले की मारायचा. एकदा साहेब वैतागून म्हणाले, "मारा माझ्या कपाळावर!" अण्णांनी तिथंही मारला. शाई चार दिवस निघाली नाही.

मग अण्णा निवृत्त झाले. पहिल्या दिवशी दहाला इस्त्रीचे कपडे घालून ते ओसरीवर बसले. दुसऱ्या दिवशीही बसले. हाताला काम नव्हतं. जेवण जाईना. तिसऱ्या महिन्यात ते बायकोच्या, इंदूताईंच्या, मागं मागं स्वयंपाकघरात फिरायला लागले. डबा उघडला की विचारायचे, "आला की गेला?"

इंदूताईंचा संयम सुटला. "अहो, माझं डोकं खाण्यापेक्षा जा, कुत्र्यांचे पाय चेपत बसा!"

अण्णांनी चपला घातल्या. "कुठल्या कुत्र्याचे?"

"म्हातारं बघा एखादं!"

अण्णा निघाले. जनावरांच्या दवाखान्याच्या पायरीशी एक म्हातारं काळं कुत्रं पडून असायचं. मागचे पाय आखडलेले, पायरी चढता येत नव्हती. अण्णा शेजारी बसले आणि पाय चेपायला लागले. रोज दहा ते साडेपाच, मध्ये जेवणाची सुट्टी.

पंधराव्या दिवशी ते कुत्रं तिन्ही पायऱ्या चढून आत गेलं. आत डॉक्टर फरीदा मुजावर होत्या. त्यांनी कुत्र्याकडे पाहिलं, मग अण्णांच्या अंगठ्यांकडे. चौतीस वर्षं शिक्के मारून अंगठे तयार झाले होते.

"अण्णा, म्हाताऱ्या कुत्र्यांचे सांधे धरतात. औषधाबरोबर असा हात फिरला तर चार पावलं जास्त चालतात. कराल हे काम?"

अण्णांचे डोळे भरून आले. "लेखी आदेश मिळेल का?"

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली. अण्णांनी ती खिशात ठेवली आणि त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

पहिलं काम बर्वे गुरुजींकडे. त्यांची कुत्री हिरा चौदा वर्षांची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, "आधी मालकाला विचारा कुठं दुखतंय. दुखेल तिथं चोळा."

अण्णांनी विचारलं, "गुरुजी, कुठं दुखतंय?"

"कमरेत, बाबा. खाली वाकवत नाही."

अण्णांनी गुरुजींना पालथं घातलं. आठ दिवस कंबर चोळली. गुरुजी तरतरीत झाले. हिरा लंगडत दवाखान्यात आली.

"अण्णा!" डॉक्टर म्हणाल्या. "मालकाकडे लक्षच देऊ नका. कुत्र्याकडे बघा. शेपूट हलतंय तोवर चोळा."

"बरं," अण्णा म्हणाले.

पुढचं घर शेवंताकाकूंचं. त्यांचा सोन्या मोठा आनंदी. अण्णांनी हात लावला आणि शेपूट हलायला लागलं. काकूंना भाचीच्या लग्नाला जायचं होतं.

"अण्णा, पुरे आता. गाडी आली."

अण्णांनी लक्ष दिलं नाही.

"अहो, कुलूप लावायचंय!"

शेपूट हलत होतं.

"लावते हं!"

काकूंनी लावलं. वऱ्हाड दुसऱ्या दिवशी परतलं, तेव्हा अण्णा चोळत होते आणि डब्यातले रव्याचे लाडू दोघांनी मिळून संपवले होते. तोवर इंदूताईंनी गावातल्या दोन विहिरींत गळ टाकून पाहिले होते.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "घड्याळ बघा, अण्णा! वीस मिनिटं झाली की हात काढायचे. मग काहीही होवो."

"बरं," अण्णा म्हणाले.

वाटेत सरपंच दिनकरराव भेटले. त्यांचा वाढदिवस होता. चौकात त्यांचा वीस फुटी फलक लावायचं काम चाललं होतं. पोरांनी सरपंचांचा चेहरा वाकडा बांधला म्हणून ते चिडून स्वतःच शिडीवर चढत होते.

"अण्णा, जरा शिडी धरा. घट्ट."

अण्णांनी शिडी धरली आणि घड्याळ पाहिलं. सरपंचांना स्वतःचा चेहरा काही केल्या सरळ वाटेना. वीस मिनिटं झाली. अण्णांनी हात काढले.

शिडी गेली. सरपंच स्वतःच्या मिशीला धरून लोंबकळले. फलकावर 'जनतेचा आधार' असं लिहिलं होतं. आधार मधोमध फाटला. सरपंच खाली शेणात बसले.

घोटा मुरगळलेल्या अवस्थेत त्यांनी डॉक्टरांना फोन केला, आणि डॉक्टरांनी अण्णांना सांगितलं, "उद्यापासून येऊ नका."

अण्णा पुन्हा ओसरीवर बसले. इस्त्रीचे कपडे, हात मांडीवर. इंदूताईंनी मुद्दाम डब्याची उघडझाप करून पाहिली. अण्णांनी विचारलं नाही, आला की गेला.

चौथ्या दिवशी हिरा आली. लंगडत, एकटीच, गल्ली ओलांडून. मग सोन्या. मग ते काळं कुत्रं. आठवड्याभरात ओसरीसमोर अकरा म्हातारी कुत्री रांगेत बसायला लागली. अण्णा म्हणाले, "मनाई आहे." कुत्र्यांना हे पटलं नाही. ती बसूनच राहिली.

डॉक्टर स्वतः बघायला आल्या. रांग पाहून त्या ओसरीच्या कडेला टेकल्या. मग म्हणाल्या, "चला परत. पण आता नीट सांगते, शेवटचं. कार्डाशिवाय हात लावायचा नाही. नाव, वय, जात, मालक, सगळं विचारून भरायचं. कुठलं कुत्रं म्हातारं झालंय हे आपणच ओळखायचं, कारण त्याला स्वतःला ते मान्य नसतं. बसल्या जागेवरून उठवत नाही, आपली जागा दुसऱ्याला देत नाही, उगीच सगळ्यांवर भुंकतं, ही लक्षणं. दिसलं की लाजायचं नाही, कामाला लागायचं. आणि चावरं वाटलं तर मालकाला सांगायचं, मुसकं बांधून आणा."

अण्णांनी सगळं लिहून घेतलं.

अकरा कुत्र्यांच्या रांगेचा फोटो जिल्ह्याच्या पेपरात छापून आला. त्याबरोबर सरपंचांचा घोटा बरा झाला. ही योजना मूळची आपलीच, असं त्यांनी जाहीर केलं आणि अण्णांचा सत्कार ठेवला. प्रमुख पाहुणे, माजी आमदार बापूसाहेब. वय एक्क्याऐंशी.

बापूसाहेबांना चौघांनी उचलून खुर्चीत बसवलं. अध्यक्षांची खुर्ची त्यांची नव्हती, पण त्यांनी ती सोडली नाही. अध्यक्ष स्टुलावर बसले. मग बापूसाहेबांनी बसूनच भाषण सुरू केलं. विरोधकांवर ओरडले, पत्रकारांवर ओरडले, माईकवाल्यावर ओरडले. सव्वा तास झाला.

अण्णा शेजारी शाल पांघरून बसले होते. त्यांनी खिशातला कागद काढून वाचला. बापूसाहेबांकडे पाहिलं. पुन्हा कागद वाचला. मग कोरं कार्ड काढून ते उठले आणि माईक ओढून घेतला.

"नाव?"

बापूसाहेब चमकले. "बापूसाहेब!"

"वय?"

"अजून म्हातारा झालेलो नाही!"

अण्णांनी मान डोलावून ते लिहिलं. "जात?"

या प्रश्नाचं उत्तर मंचावरच्या सगळ्यांनी एकदम दिलं.

अण्णांनी कार्ड दातांत धरलं, बाह्या सरसावल्या आणि बापूसाहेबांच्या मानेखाली दोन्ही अंगठे रोवले. सरपंच धावले. पण बापूसाहेबांचे डोळे मिटले होते. तोंड बंद झालं होतं. चाळीस वर्षांत ते बंद झालेलं गावानं पहिल्यांदा पाहिलं. डॉक्टर मुजावर पदरात तोंड लपवून बसल्या.

अण्णांनी कार्ड तोंडातून काढलं. एकच रकाना राहिला होता. ते माईकमध्ये म्हणाले, "मालक कोण?"

मंडपात पुढच्या सतरंजीवरून म्हातारी गोजाबाई उठली. "कागदोपत्री म्हटलं, तर आम्हीच की."

अण्णांनी लिहिलं: मालक, समस्त गाव. मग घसा साफ करून त्यांनी सगळ्या गावाला जाहीर सूचना दिली.

"उद्या सकाळी दहाला घेऊन या. येताना मुसकं बांधून आणा."