कारवी फुलली त्या वर्षी

फार मागे सह्याद्रीच्या एका दरीत मधमाश्यांची दोन पोळी होती, एक जांभळीवर, दुसरं समोरच्या हिरड्यावर. जांभळीवरची म्हातारी माशी मेणकी दर हंगामाच्या शेवटी पलीकडे जाऊन कप्पे मोजून येई.

“राणीबाई, त्यांनी यंदाही दोन ओळी वाढवल्या. आपण एकही नाही.”

“आणि मध कुणाकडे जास्त?”

“आपल्याकडे. ते निम्मा मध मेण करण्यात घालवतात.”

“मग झालं तर. पोटाला चिमटा काढून भिंती कसल्या बांधायच्या?”

सगळं पोळं हसायचं. अशी सहा वर्षं गेली.

सातव्या वर्षी कारवी फुलली. सात वर्षांतून एकदाच फुलते ती. अख्खा डोंगर निळा झाला. दोन दिवसांत जांभळीवरचे कप्पे काठोकाठ भरले. तिसऱ्या दिवसापासून माश्या भरल्या पोटानं परतायच्या आणि जागा नाही म्हणून फांदीवर नुसत्या बसून राहायच्या.

“मेण काढा,” राणी म्हणाली.

पण ते कुणाला येतच नव्हतं. मेणकी एकटीच कामाला लागली. तिचा एक कप्पा पुरा होईतो डोंगरावरची फुलं सुकली.

समोर हिरड्यावरचं पोळं मधाच्या भारानं लोंबत होतं. मेणकीनं आपल्या कप्प्यात डोकावून पाहिलं. त्यात भरायला आता काही नव्हतं.