हैबतीचं जादा डिझेल

डोंगराच्या पायथ्याशी एका गावात हैबती नावाचा एक पिकअपवाला राहत होता. वर पठारावर धनगरांच्या वाड्या होत्या. तिकडे सडक नव्हती. दगडगोटे, ओढे आणि गुरांच्या वाटा तुडवत गाडी न्यावी लागे. हैबती वाड्यांवर पीठमीठ, पेंड, पत्रे, जे लागेल ते पोचवी. गाडीवर हात बसलेला, बोलणं गोड. पण मन भारी घाबरट.

एकदा पठारावर त्याच्या गाडीतलं डिझेल संपलं. तिथे पंप कुठला असायला! बिचारा पायी खाली उतरला आणि भरलेला कॅन खांद्यावर घेऊन पुन्हा डोंगर चढला. पायांना फोड आले. गावाने चेष्टा केली ती वेगळीच. दुधाने तोंड पोळलेला हैबती तेव्हापासून ताकही फुंकून पिऊ लागला. गाडीच्या हौद्यात त्याने डिझेलचा एक जादा कॅन बांधून ठेवला.

पण एक पुरेल का, हे त्याने चारचौघांना विचारलं आणि तिथेच फसला. कुणी म्हणालं, एक कॅन गळला तर काय करशील, दोन घे. कुणी म्हणालं, चढाला गाडी दुप्पट पिते, दोनाने काय होतंय. आणखी कुणी म्हणालं, ओझं वाढलं की डिझेल जास्त जळतं, तेव्हा कमीच घे. हैबतीला सगळ्यांचंच पटलं. डोकं नुसतं भणाणून गेलं. काही उमजेना, तेव्हा त्याने आणखी एक कॅन घेतला. जरा बरं वाटलं. पुढच्या खेपेला पुन्हा धाकधूक सुरू झाली, तेव्हा आणखी एक घेतला.

असं करता करता निम्म्याहून जास्त हौदा कॅननीच भरला. मालाला जागा पुरेना. पिठाला डिझेलचा वास येऊ लागला. लोक कुरकुरायला लागले. त्याची बायको सरूबाई तर एकदा म्हणाली, की गाडी माणसांसाठी आहे की डिझेलसाठी, ते एकदाचं ठरवा. आपण इतकी काळजी घेतो, तरी लोक नाराज का, हे काही हैबतीला कळेना.

एके सकाळी तो माल भरून वर निघाला. ओढ्याचा काठ ढासळल्याने नेहमीची वाट बंद होती. लांबच्या वळशाने जाताना त्याला नामा येडग्याची जीप वाटेत उभी दिसली. नामा वरच्या वाडीचा. जीपमध्ये त्याचा भाऊ बिरू आडवा पडला होता. विहिरीच्या कामावर त्याच्या पायावर दगड कोसळला होता. फडक्याने करकचून बांधलेल्या पायातून रक्त झिरपत होतं. उशाशी बिरूची बायको ठकूबाई बसली होती.

नामा म्हणाला, "हैबतीदादा, ह्या वळशानं डिझेल संपवलं बघ. येक कॅन दे. बिरूला दवाखान्यात न्यायचाय."

हैबती खाली उतरला. त्याने कॅनची दोरी सोडायला घेतली आणि त्याचा हात तिथेच थांबला. वळशाने नामाचं डिझेल खाल्लं, तसं आपलंही खाल्लं तर? एक दिला आणि उरलेल्यातला एखादा गळका निघाला तर? सगळ्यांचे सल्ले त्याच्या कानात एकदमच बोलू लागले. द्यावं म्हटलं तर भीती, देऊ नये म्हटलं तर समोर रक्त.

"वर जाऊन येतो," तो कसाबसा म्हणाला. "किती उरतंय बघतो आन् येताना देतो."

नामा त्याच्या तोंडाकडे बघतच राहिला. हैबतीने मान खाली घालून गाडी सुरू केली.

वाटभर तो स्वतःलाच समजावत होता. आपण नाही कुठे म्हणालो? येताना देतो म्हणालो. तेवढ्याने मन काही ठिकाणावर येईना.

वाडीवर म्हातारी कोंडाबाई पिठाची पोती उतरवून घ्यायला उभी होती. हैबतीने तिला सगळी हकिकत सांगितली. आपलं चुकलं की बरोबर, तूच सांग म्हणाला. म्हातारीने चूक म्हटलं नाही, बरोबरही म्हटलं नाही. तिने एवढंच विचारलं, "ह्यातलं आजवर कवा वापरलंस का रं?"

हैबती आठवू लागला. खेपेमागून खेपा आठवल्या. भरलेले कॅन वर आले होते आणि भरलेलेच खाली गेले होते. एकाचंही झाकण कधी उघडलं नव्हतं.

"मग वाहतोस कुणासाठी?" कोंडाबाईने विचारलं.

तिने दिलेला चहा तसाच राहिला. त्याने माल उतरवला आणि गाडी वळवली.

जीप होती तिथेच होती, पण आत कुणी नव्हतं. खाली उताराला लागल्यावर ते दिसले. घोंगडीची झोळी करून नामा आणि वाटेवर भेटलेले तिघे बिरूला खांद्यावर नेत होते. आता तो कण्हतही नव्हता.

हैबतीने गाडी पुढे नेऊन आडवी लावली आणि मागचा फाळका पाडला. माल गेला होता, तरी माणूस आडवा मावेल एवढी जागा हौद्यात नव्हती. जिकडे तिकडे कॅनच कॅन. तो वर चढून कॅन खाली देऊ लागला. एक दिला, दुसरा दिला आणि पुन्हा घुटमळला. हा ठेवावा की तो? एक ठेवावा की दोन? खाली दिलेला कॅन त्याने परत वर घेतला. ठकूबाई जवळ आली होती. त्याने तिलाच विचारलं, "कोणता ठेवू?"

ती म्हणाली, "कोणताबी ठेवा, दादा. कॅन लई हायती. माझा माणूस येकच हाय."

मग हैबतीचे हात थांबले नाहीत. एक कॅन ठेवून बाकीचे सगळे त्याने वाटेच्या कडेला उतरवले. जीपमध्ये हवं तेवढं ओतून मागून ये, असं नामाला सांगितलं. बिरूला अलगद आडवं केलं आणि गाडी तालुक्याच्या दवाखान्याकडे सोडली.

बिरूचा जीव वाचला, पायही वाचला. पण दोन बोटं काढावी लागली. सकाळीच आणलं असतं तर ती वाचली असती का, असं हैबतीने डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. हो म्हणाले असते तर तो रडला असता, नाही म्हणाले असते तर सुटला असता. तो नुसताच बाकावर बसून राहिला. ठकूबाईने त्याच्यापुढे चहाचा कप धरला. हिला आपला राग कसा येत नाही, हेही त्याला कळेना.

पुढे हैबतीने वाटेवरचे कॅन उचलून एकेका वाडीवर नेऊन ठेवले. अडलेल्याने घ्यावं, नंतर भरून ठेवावं, असं सांगितलं. गाडीत तो एकच कॅन बाळगतो आणि तोही पुष्कळदा दुसऱ्याच्या गाडीत रिकामा होतो. "आन् तुझंच संपलं तर?" असं कुणी विचारलं, की हैबती डोकं खाजवतो. याचं उत्तर त्याला अजूनही ठाऊक नाही. पण तोवर कॅनचं झाकण त्याने उघडलेलं असतं.

तात्पर्य: अडीअडचणीसाठी जपलेलं, अडचण पुढ्यात उभी राहिली तरी हातून सुटत नसेल, तर ते जपणं हीच सगळ्यांत मोठी अडचण होय.