हुं म्हणणारे पोपट

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा जंगलं दाट होती आणि माणसं तोंडावर बोलत. मुलांनो, ऐका. मोठ्यांनो, तुम्हीही ऐका. आणि ज्यांना स्वतः गोष्टी लिहायची हौस आली आहे, त्यांनी जरा पुढं सरकून बसा. ही तुमच्यासाठीच आहे. गोड लागणार नाही.

जंगलाला लागून एक गाव होतं. गावाचं सगळं पोट जोंधळ्यावर. दाणा चिकात आला की जंगलातून पोपटांचे थवे येत. थवा एकदा उतरला की शेतात दाण्याविना नुसती ताटं उभी उरत. म्हणून शेताशेतांत लाकडाचे उंच माळे बांधत आणि माळ्यावर गोफण घेऊन राखणदार बसे.

पण पोपटांहून मोठा शत्रू म्हणजे दुपारची झोप. भाकरी पोटात गेली, ऊन पाठीवर आलं, की चांगला धट्टाकट्टा गडी डुलायला लागे. त्यावर गावानं उपाय काढला होता. मधल्या माळ्यावर कथेकरी बसे आणि मोठ्या आवाजात गोष्ट सांगे. प्रत्येक वाक्यानंतर भोवतालच्या माळ्यांवरून 'हुं' येई. ज्या माळ्यावरून 'हुं' आलं नाही, तिथला राखणदार झोपला असं समजायचं. मग कथेकरी त्याचं नाव घेऊन हाक मारी.

हे नीट ध्यानात घ्या. त्या गावात गोष्ट ही करमणूक नव्हती. गोष्ट पडली की राखणदार पडे, आणि राखणदार पडला की उन्हाळ्यात पोरं उपाशी निजत.

जुना कथेकरी मोठा सावध माणूस. डोळे उघडे ठेवून सांगे. जंगलाकडच्या कडेला एका म्हातारीचं शेत होतं. एकटीच राखायची. तिची जीभ गोफणीच्या धोंड्यासारखी. गोष्ट रंगली की ती 'हुं' म्हणत नसे, 'मग?' म्हणे. नाही पटली की 'थांब!' म्हणून ओरडे. ती 'थांब' म्हणाली की कथेकरी थांबे. बोललेलं वाक्य मागं घेई, घडीभर विचार करी, आणि नीट करून पुन्हा सांगे. त्यात त्याला जन्मात कधी कमीपणा वाटला नाही.

तो म्हातारा होऊन वारला. त्याच्या जागी एक तरुण माळ्यावर चढला. त्याचं नाव सांगत नाही. ज्याला टोचेल त्यानं ते आपलंच समजावं.

तरुणाचा आवाज चांगला होता. पाठांतर चांगलं होतं. पागोटं नवं होतं. त्यानं घसा साफ केला आणि सुरुवात केली.

"एका नगरात एक अतिशय सुंदर राजकन्या होती. इतकी सुंदर, इतकी सुंदर, की ते सौंदर्य शब्दांत सांगता येत नाही."

"थांब!" कडेच्या माळ्यावरून आवाज आला. "सांगता येत नाही तर वर कशाला चढलास?"

माळ्यामाळ्यांवर हशा पिकला.

"आजी, गोष्ट पुढं तर जाऊ द्या!"

"सुंदर सुंदर काय लावलंयस? ती पाणवठ्यावरून गेली आणि पाणक्या भरलेली घागर तिथंच विसरून रिकामा घरी गेला, असं म्हण. मला कळेल."

तरुण दातओठ खात पुढं गेला. राक्षसानं राजकन्या पळवली. राजपुत्र घोड्यावर बसून निघाला. रात्रंदिवस घोडा पळाला. मग एका माळरानावर राजपुत्र राजकन्येच्या आठवणीनं रडला. इथं तरुण स्वतःच रडू लागला. त्यानं पागोट्याच्या शेवानं डोळे पुसले.

"थांब! रडतोय कोण? राजपुत्र की तू?"

"प्रसंग दुःखाचा आहे, आजी!"

"सगळं रडू तूच संपवलंस तर आमच्या वाट्याला काय? आणि तो घोडा कालपासून पळतोय. त्याला पाणी दाखवलंस का?"

"त्या पाणक्याला हाक मार रे!" शेजारच्या माळ्यावरचा गडी ओरडला. "म्हणावं, घागर घेऊन माळावर ये. घोडा तहानलाय!"

आता तर हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. तरुणाचे कान लाल झाले.

"म्हातारे, तुला गोष्टीतलं काय कळतं?"

"गोष्टीतलं मला काही कळत नाही," म्हातारी म्हणाली. "झोपेतलं कळतं. मला झोप येत होती."

आता सांगा, या पोरानं काय करायला हवं होतं? घरी जाऊन ते वाक्य काढायला हवं होतं. पाणवठ्यावर जाऊन पाणक्याकडे बघायला हवं होतं. घोडा दमतो कसा, हे घोडे सांभाळणाऱ्या मोतद्दाराला विचारायला हवं होतं. त्याला राग आला. येऊ दे. पण राग आपल्या वाक्यावर काढावा. यानं तो म्हातारीवर काढला.

दुसऱ्या दिवशी तो पाटलाच्या ओसरीवर जाऊन बसला. "पाटील, त्या माळ्यांवर एक तर ती बोलेल, नाही तर मी."

पाटलाला भांडण नको होतं. भांडखोरांनी जगाचं जेवढं वाटोळं केलं नाही, तेवढं या भांडण नको असलेल्यांनी केलं आहे. त्यानं दवंडी पिटवली. गोष्ट चालू असताना कोणी 'थांब' म्हणायचं नाही. कोणी 'मग?' विचारायचं नाही. वाक्य संपलं की 'हुं' म्हणायचं. बाकी तोंड बंद.

म्हातारी पाटलासमोर उभी राहिली. "पाटला, 'हुं' म्हणायला माणूस जागा असावा लागत नाही."

"काकू, पोराचं मन मोडतं."

"मोडू दे की! मन पुन्हा सांधता येतं. पीक सांधता येतं का?"

पाटील उठून आत निघाला.

"बरं तर. माझ्या तोंडून खोटं 'हुं' निघणार नाही. मी आपली पाखरं हाकायला काशाची थाळी वाजवत बसेन."

ती निघून गेली. त्या दिवसापासून तरुणाची चैन झाली. त्यानं तीच गोष्ट पुन्हा सुरू केली. राजकन्या आणखी सुंदर झाली. राजपुत्र आणखी रडला. घोडा तहानलेलाच पळत राहिला. प्रत्येक वाक्याला चारी बाजूंनी 'हुं' येई. तरुण फुगला. सांगताना त्यानं डोळे मिटायला सुरुवात केली. त्याला वाटे, मोठे कथेकरी असंच करत असतील.

राखणदारांना लवकरच कळलं की ऐकायची गरज नाही. आवाज थांबला की 'हुं' म्हणायचं, एवढंच. मग ते डुलक्या घेता घेता 'हुं' म्हणू लागले. मग झोपेत म्हणू लागले. बायको हाक मारी तरी त्यांच्या तोंडून 'हुं'च निघे.

जंगलाच्या काठावरच्या पळसावर पोपटांचा थवा बसलेला असे. ते रोज पाहत होते. त्यांच्यात एक म्हातारा पोपट होता.

"गाढ झोप लागली की यांचं 'हुं' बंद पडतं," तो म्हणाला. "मग तो मधला डोळे उघडतो आणि हाका मारतो. तेवढं 'हुं' आपण म्हणू."

"त्याला आपला आवाज ओळखू येणार नाही का?" एका कोवळ्या पोपटानं विचारलं.

म्हातारा पोपट हसला. "तो आवाज कुठं ऐकतो? तो फक्त स्वतःला ऐकतो. खाली चला. चोच भरा आणि मधूनमधून 'हुं' म्हणा."

आणि थवा उतरला.

"राजकन्येचं मुख चंद्रासारखं होतं," तरुण म्हणाला.

"हुं," कणसावरून आवाज आला.

"तिचे डोळे कमळासारखे होते."

"हुं. हुं. हुं."

तरुणाच्या अंगावर काटा आला. इतका एका सुरातला, इतका मनापासून हुंकार त्याला आजवर मिळाला नव्हता. आपली कला आता पिकली, असं त्याला वाटलं. पिकत आला होता तो जोंधळा, आणि तो पोपटांच्या पोटात चालला होता.

कडेच्या शेतातून म्हातारी ओरडली. "थांब! पाखरं उतरली! थांब!"

तरुणानं डोळे अधिकच घट्ट मिटले. म्हातारी पुन्हा मध्ये बोलते, म्हणून त्यानं आवाज चढवला.

संध्याकाळी राखणदार उठले. कणसं रिकामी झालेली त्यांना दिसली. पण कोणी शब्द काढला नाही. काढला असता तर 'तू झोपला होतास काय?' असा सवाल आला असता. म्हातारी पाटलाकडे गेली. पाटील म्हणाला, "काकू, सगळ्या माळ्यांवरून 'हुं' येत होतं. मी स्वतः ऐकलं." तोही आपल्या माळ्यावर दुपारभर घोरतच होता.

असे काही दिवस गेले. एका दुपारी म्हातारीचा संताप मावेना. तिनं थाळी खाली टाकली. गोफण उचलली. जोंधळ्यातून वाट काढत ती मधल्या माळ्याखाली आली आणि तिनं धोंडा सोडला. तरुणाच्या शेजारचं पाण्याचं मडकं खळ्ळकन फुटलं. पाणी त्याच्या नव्या पागोट्यावर उडालं.

त्यानं डोळे उघडले.

चहूकडे हिरवं दिसत होतं. ते जोंधळ्याचं हिरवं नव्हतं. जिथं कणीस असायचं तिथं पोपट बसला होता. माळ्यांवर माणसांची तोंडं उघडी होती आणि माश्या आत-बाहेर करत होत्या.

"हा रे हा!" म्हातारी ओरडली. थवा उठला. जाता जाता म्हातारा पोपट तरुणाच्या डोक्यावरून फिरला आणि म्हणाला, "हुं."

त्या वर्षी खळं लागलं ते एकट्या म्हातारीचं. बाकीचा गाव धुळीतले दाणे वेचत फिरला. लोक तरुणाला मारायला उठले. म्हातारी आडवी आली.

"याला मारता? 'हुं' कोण म्हणत होतं रे? तुमच्यातला एक तरी 'थांब' म्हणाला का?"

लोकांच्या माना खाली गेल्या. पाटलाची सगळ्यांत खाली.

लोक पांगले. तरुण तिच्या खळ्याच्या कडेला येऊन उभा राहिला. पागोटं नव्हतं.

"आजी, मी चुकलो. मला माफ करा."

"माफीनं माझी कणगी भरते का? कथेकरी ना तू? मग बोल काहीतरी."

तरुणानं धुळीतला एक दाणा उचलला. मग खाली बघत म्हणाला, "पोपट कणसावर बसला होता. त्याच्या चोचीला चीक लागला होता. पाटील उताणे पडले होते, त्यांच्या दाढेवर माशी बसली होती. आणि मी चंद्राचं सांगत होतो. भर दुपारी."

म्हातारीचा सुपावरचा हात थांबला.

"मग?" ती म्हणाली.

इतक्या दिवसांत त्याच्या वाट्याला आलेला हा पहिला 'मग?'. तो खाली बसला आणि जे पाहिलं होतं ते सांगू लागला. तिनं मध्ये पुष्कळदा 'थांब' म्हटलं. तो दर वेळी थांबला आणि वाक्य मागं घेऊन पुन्हा सांगू लागला. सांगून झालं तेव्हा तिनं सुपातला जोंधळा त्याच्या उपरण्याच्या पदरात घातला आणि त्याला हाकलून दिलं.

पुढच्या साली पाटलानं दवंडी मागं घेतली. तो पुन्हा माळ्यावर बसला, डोळे उघडे ठेवून. राजपुत्राचा घोडा पहिल्याच दिवशी पाणी प्यायला. त्यानंतर गावाचा जोंधळा पाखरानं खाल्ला नाही.

ज्यांना पुढं बसवलं होतं, त्यांनी एवढंच घेऊन जावं: 'हुं' तर पोपटही म्हणतो, 'मग?' मात्र मिळवावा लागतो.