सगळीकडे जाणारी सायकल

"…आणि टायर, ताई? रुंद की अरुंद?"

वेणूताईंच्या हातातलं सूप थांबलं नाही. तूर वर उडत होती, खाली येत होती.

"अजून काही राहिलं का विचारायचं?"

"राहिलंय ना. गिअर. ब्रेक. फ्रेम."

"मग तेही विचारून घे."

निरंजन देवतळे दर रविवारी वर्ध्याबाहेरच्या या लहानशा आश्रमात सूत कातायला यायचा. बांधकाम खात्यात नकाशे काढणारा माणूस. हात स्थिर, रेघ सरळ, आणि आपला हिशोब कधी चुकत नाही याचा मनातून अभिमान. कातणं त्याला वेणूताईंनीच शिकवलं होतं. ताईंनी उभी हयात सायकलवरून खेडोपाडी फिरून बालवाड्या चालवल्या. आता गुडघे गेले होते आणि सायकल पडवीत उभी होती. सायकलीचं विचारायचं तर यांनाच, असं निरंजनच्या मनानं घेतलं, आणि गेले कित्येक रविवार तो तेच विचारत होता.

"अडचण अशी आहे ताई," तो म्हणाला, "पैसे बेताचे. एकच घेता येईल. म्हणजे ती सगळीकडे चालली पाहिजे. अरुंद टायर डांबरी रस्त्यावर पळतात, पण मुरमाच्या वाटेवर त्यांचे हाल. रुंद घेतले तर रोज ऑफिसला जाताना उगाच जड ओढत बसायचं. डिस्क ब्रेक घेतले तर पावसाळ्यात निर्धास्त, पण मग गिअर साधे घ्यावे लागतात. आणि गिअर चांगले घेतले तर…"

"तर?"

"तर सीट अगदीच रद्दी मिळते."

ताई हसल्या. "कुठं जायचं आहे तुला?"

"सगळीकडे."

"सगळीकडे म्हणजे कुठं रे?"

"ऑफिसला. भाजीबाजारात. रविवारी इथं. आणि कधी…" तो जरा थांबला. "कधी लांब."

"लांब कुठं?"

"असंच… लांब."

ताईंनी सूप बाजूला ठेवलं. पदराला हात पुसले.

"फ्रेम आपल्या मापाची घे. ती मागाहून बदलता येत नाही. टायर मधल्या जाडीचे घे, मडगार्ड घे. बाकीचं जसं झिजेल तसं बदलता येतं. आणि कॅरिअर मजबूत घे."

"कॅरिअर नको, ताई."

"काहून?"

"उगाच वजन वाढतं. आणि…"

"आणि?"

"मागं बसणार कोण?"

तो हे हसत बोलायला गेला होता. पण वाक्य संपेपर्यंत हसू टिकलं नाही.

ताईंनी सूप पुन्हा हातात घेतलं.

निरंजनची बायको मृणाल नर्स होती. मागल्याच्या मागल्या दिवाळीत ती आर्वीला बदली घेऊन गेली. भांडण झालं नव्हतं. कुणी आवाजही चढवला नव्हता. घरातली प्रत्येक वस्तू निरंजन पारखून आणायचा. फ्रीज, पडदे, मिक्सर… एकदा तर तिच्या चष्म्याची फ्रेमसुद्धा. सगळी दुकानं पालथी घालून त्यानं सर्वांत हलकी, सर्वांत टिकाऊ फ्रेम शोधली होती. मृणालनं चष्मा चढवला, आरशात पाहिलं आणि म्हणाली, "मला निळी आवडली होती."

निळ्या रंगाचा कसा पोपडा निघतो, हे त्यानं तिला नीट समजावून सांगितलं होतं.

आता दोघांचे फोन व्हायचे. गॅस आला का? पाण्याचं बिल भरलं का? विषय संपले तरी कुणी फोन ठेवत नसे. तिच्या खोलीतला पंखा ऐकू यायचा. खालच्या रस्त्यावरून एखादा ट्रॅक्टर जायचा, तोही ऐकू यायचा. मग ती म्हणायची, "ठेवू?" आणि तो म्हणायचा, "ठेव."

आर्वीला एसटी दिवसभर असते. तो एकदाही गेला नव्हता. आधी सायकल नीट निवडू, पायांना सवय लावू, आणि मग एखाद्या सकाळी निघून थेट तिच्या दारात जाऊन उभं राहू, असं त्यानं ठरवलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं. पण सायकल काही केल्या ठरत नव्हती.

"माझी सायकल बाहेर काढ," ताई म्हणाल्या.

"कशाला?"

"काढ तर."

त्यानं काढली. काळी लेडीज सायकल, घंटीवर गंज चढलेला. त्यानं हवा भरली, साखळीला तेल दिलं. हात काळे झाले.

"बस आता. मी मागं बसते."

"अहो ताई, तुमचे गुडघे…"

"गुडघ्यांना काय झालं? त्यांना तर बसूनच यायचं आहे."

फाटकाबाहेर पडताना हॅन्डल डगमगलं. मागं माणूस बसलं की सायकल वेगळीच वागते, हे तो विसरून गेला होता. ताईंनी त्याचा शर्ट कमरेजवळ मुठीत धरला.



लग्न झालं त्या वर्षी मृणाल अशीच बसायची. सायकल कुणाकडून तरी मागून आणलेली. कुठल्या कंपनीची होती, ब्रेक कसे होते, काही आठवेना. घरी आल्यावर शर्टाला पडलेल्या चुण्या तेवढ्या आठवल्या. तो शर्ट तो इस्त्रीला टाकत नसे.

दोन्ही बाजूंना कपाशी फुटली होती. रस्त्यावर कुणी नव्हतं. मागं बसलेल्या माणसाचा चेहरा दिसत नाही, म्हणून असेल कदाचित, निरंजन एकदम बोलून गेला.

"परवा ती फोनवर खोकत होती, ताई."

"मग?"

"मी औषधाचं नाव सांगितलं."

"नर्स आहे ना रे ती?"

"हो…"

पेडल कुरकुरत राहिलं.

"मग काय म्हणाली?"

"म्हणाली… ठेवू?"

आर्वीचा मोठा रस्ता लागला तसा तो थांबला. दम लागला होता. ताई सावकाश उतरल्या आणि सायकलीला धरून उभ्या राहिल्या. दोघंही बराच वेळ रस्त्याकडे पाहत होते. ऊन पडलेला डांबरी रस्ता, लांब जाऊन झाडांत शिरणारा.

"किती सरळ आहे," ताई म्हणाल्या.

"इथून वाटतो. पुढं चढ आहे. मग दोन वळणं, मग पूल. पुलाच्या पलीकडे रस्ता खराब आहे, म्हणून तर टायर…"

"गेला होतास?"

"नाही. नकाशात पाहिलाय."

"किती वेळा?"

निरंजन कपाळाला हात लावायला गेला आणि तेलाचा पट्टा उमटला.

वर्ध्याकडून एसटी येत होती. आधी आवाज आला, मग लाल टप.

वेणूताईंनी हात वर केला.

गाडी करकरत थांबली. कंडक्टरनं दार उघडलं. "कुठं जायचं, आजी?"

"मला नाही जायचं. याला न्या. आर्वीला."

"ताई! अहो, असं कसं…" निरंजन गोंधळून गेला. "हात बघा माझे. शर्ट बघा. तिला सांगितलेलंही नाही मी. तिची ड्यूटी असेल… आणि ही सायकल? तुम्ही परत कशा जाणार?"

"हिला धरून चालत जाते. काठीपेक्षा बरी."

"पण…"

"चढून राहिले का, भाऊ?" कंडक्टर म्हणाला. "लोकं खोळंबले."

निरंजननं एक पाय पायरीवर ठेवला. मग दुसरा. दांडीवर त्याच्या बोटांचे काळे ठसे उमटले. आत कुणीतरी सरकून जागा केली. तो बसला नाही. दारातच उभा राहून ताईंकडे पाहत राहिला. कित्येक महिन्यांत इतकं भरून आलं नव्हतं. काहीतरी बोलायला हवं होतं आणि नेमकं तेच सुचत नव्हतं.

घंटीची दोरी ओढायला कंडक्टरनं हात वर नेला.

"ताई!" निरंजन एकदम म्हणाला. "पण कोणती घेऊ, ते राहूनच गेलं!"

ताई सायकल वळवत होत्या. त्यांनी मागं पाहिलं.

"तिला विचार."