बक्षीस मिळालेला अर्ज

खूप वर्षं झाली या गोष्टीला. किती, ते विचारू नका. मोजणारे कधीच गेले. एका रुंद नदीच्या काठी एक राज्य होतं आणि त्या राज्यात कवी फार झाले होते. लहान-मोठे सगळेच नीट ऐका, कारण यात चूक झाली ती मोठ्यांचीच.

राजा तसा वाईट नव्हता. पण सकाळी एक कवी यायचा आणि त्याला सूर्य म्हणायचा, दुपारी दुसरा यायचा आणि चंद्र म्हणायचा. ऐकून ऐकून राजाचे कान किटले. शेवटी त्यानं दवंडी पिटवली की यंदाच्या स्पर्धेत स्तुती नको, फुलं नकोत, चांदणं तर मुळीच नको. काळोखाची कविता आणा. भीती, मरण, दुःख, माणसाला आतून जे खातं ते आणा. पहिल्या तीन कवींचा तीन दिवस उत्सव करू.

झालं! राज्यातले कवी दुःखाच्या शोधात निघाले. एकानं दुःख यावं म्हणून उपास धरला आणि पहिल्याच दुपारी थालीपिठाच्या वासानं सोडला. एक जण स्मशानात जाऊन बसला, तिथे त्याला छान झोप लागली. एका धान्याच्या व्यापाऱ्यानं आपल्या मेलेल्या पोपटावर लांबलचक विलाप लिहिला. पोपट घरी पिंजऱ्यात पेरू खात होता. पण कवीला ‘हे खरं का हो?’ असं विचारणं त्या राज्यात फार असभ्य समजत. जेवायला बसलेल्या पाहुण्याच्या पोळ्या मोजाव्यात, तसंच ते. त्यामुळे पोपटाची चौकशी कोणी केली नाही.

नदीच्या घाटावर आवडा नावाची एक बाई राहायची. तिचा नवरा केरू सरकारी नाव चालवायचा. पलीकडच्या काठावरच्या चार गावांना अलीकडे यायला तेवढी एकच नाव होती. त्या नावेच्या बुडाची एक फळी कुजली होती. आवडानं बोट लावून पाहिलं तर बोट आत गेलं.

आता तुम्ही म्हणाल, बदलायची की मग फळी. नाव सरकारी होती, बाबांनो! कचेरीच्या हुकमाशिवाय तिला खिळा मारायचीही परवानगी नव्हती. केरू चिंध्या आणि राळ कोंबून कशीबशी वेळ मारून नेत होता. नाव बंद ठेवावी, तर पलीकडचं आजारी माणूस वैद्याकडे कसं येणार? आवडानं पंतोजींकडून अर्ज लिहून घेतला. त्यावर ‘पाहिला’ असा शेरा आला. दुसऱ्यावर ‘पुन्हा पाहू’ असा आला. तिसऱ्यावर काहीच आलं नाही.

तेवढ्यात दवंडी आली. भीतीचीच कविता हवी असेल तर ती आपल्याकडे आहे, असं आवडाला वाटलं. तिनं दळता दळता तोच अर्ज ओवीत बसवला आणि दरबारात जाऊन म्हटला.

नावेच्या बुडाशी । बोट रुते आत
नदीनं गं हात । घातलेला ॥
रोज थोडं थोडं । पाणी येई वर
म्हणे घाई तर । नाही मला ॥

म्हाताऱ्या परीक्षकानं उपरण्यानं डोळे पुसले. ‘घाई तर नाही मला’ ही ओळ त्यानं दोनदा म्हणून पाहिली आणि दोन्ही वेळा त्याच्या अंगावर काटा आला. आवडाचा पहिला क्रमांक आला. पोपटवाल्याचा दुसरा आणि कावळ्यावर लिहिणाऱ्या एका राजकवीचा तिसरा.

उत्सवाची रीत मोठी गमतीची होती. काळोखावर लिहिणाऱ्याच्या जिभेवर अजून काळोख असतो, तो शुभ कार्यात सांडू नये, म्हणून विजेत्यांच्या गळ्यात काळा शेला घालत आणि तीन दिवस त्यांनी बोलायचं नाही. बोलायचं ते इतरांनी, त्यांच्याबद्दल. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी राजा पहिल्या कवीचा शेला आपल्या हातानं काढायचा आणि ‘काय हवं ते माग’ म्हणायचा. त्याआधी जो बोलला, त्याचं मागणं गेलं.

आवडानं हिशेब केला. पाणी रोज तांदळाच्या दाण्याएवढं वर येत होतं. नावेत दहाच्या वर माणसं घेतली नाहीत, तर तीन दिवस सहज निभावतील. केरूला तिनं आधीच तसं बजावलं होतं. तीन दिवस तोंड मिटून बसायचं आणि मग राजाकडे एक फळी मागायची. साधं काम होतं. तिनं शेला घालून घेतला.

घाटावरच मांडव घातला होता. पहिल्या दिवशी पंडितांनी तिच्या ओवीवर तीन भाषणं केली. दुसऱ्या दिवशी पाच झाली. एकानं तिच्या शब्दांचं कौतुक केलं, दुसऱ्यानं तालाचं, आणि एक म्हणाला की एवढी खरी वाटणारी भीती त्यानं जन्मात ऐकली नव्हती. समोर पंचवीस पावलांवर ती नाव बांधलेली होती. तिच्या बुडाला हात लावून पाहावं, असं एकाच्याही मनात आलं नाही. आवडा खाली मान घालून दिवस मोजत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी घोटाळा झाला. आपल्या घाटावरच्या बाईचा पहिला नंबर आलाय हे पलीकडच्या गावांना कळलं होतं. कौतुक करायला सगळी निघाली. पलीकडेच राहणारा आवडाचा म्हातारा बापही त्यांच्यात होता. तो जन्मभर संबळ वाजवत आलेला. लेकीच्या सत्कारात वाजवायचंच, म्हणून संबळ पोटाशी धरून तो सगळ्यांच्या आधी नावेत चढला. केरू दहाच माणसं म्हणून विनवत राहिला. पण जावयाचं ऐकतो कोण? कोणी म्हणालं, ‘अरे, तुझ्याच बायकोचा मान आहे ना?’ आणि पंचवीस माणसं नावेत बसली.

आवडाला मांडवातून सगळं दिसत होतं. नाव पलीकडून सुटली तेव्हाच ती फार खाली बसली होती. राजा शेला काढणार त्याला अजून दोन घटका होत्या. आवडा क्षणभर थांबली. तो क्षण तिला पुढे आयुष्यभर छळत राहिला. मग तिनं शेला ओढून काढला आणि उभी राहिली.

“ही कविता नाही, महाराज,” ती म्हणाली. “हा अर्ज आहे. ती नाव खरी आहे. तीच, ती समोरची. बुडतेय ती.”

आणि काय झालं सांगू? लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्यांना वाटलं, बाई पुढची ओवी म्हणतेय. म्हातारा परीक्षक ‘वा!’ म्हणाला. आवडा धावत सुटली तेव्हाही मागून टाळ्या चालूच होत्या. ती कमरेइतक्या पाण्यात शिरली आणि तिनं बापाला हाक मारली. तेव्हा कुठे लोकांनी नदीकडे पाहिलं. नाव मधोमध होती आणि तिच्यात पाणीच पाणी झालं होतं.

मग मात्र सगळे धावले, हे सांगायलाच हवं. कोळ्यांनी उड्या टाकल्या, मांडवाचे बांबू उपटून पाण्यात टाकले, राजानं स्वतः दोर धरला. चोवीस माणसं बाहेर निघाली. केरू निघाला. आवडाचा बाप निघाला नाही. त्याचं संबळ तेवढं तरंगत घाटाला लागलं.

तेराव्यानंतर राजा आवडाच्या घरी गेला. सोबत कोणाला नेलं नाही. तो ओट्यावर बसला. मग त्यानं विचारलं, “बाई, तुझं मागणं मी परत देतो. काय देऊ?”

“माझा अर्ज वाचा,” आवडा म्हणाली.

राजानं कचेरीत जाऊन दप्तरं सोडायला लावली. तिन्ही अर्ज सापडले. जे ओवीत होतं तेच अर्जात होतं: तेच बोट, तीच फळी, तेच रोज वर चढणारं पाणी. तिन्ही कागद राजानं उभ्यानंच वाचले. दुसऱ्यावरचा ‘पुन्हा पाहू’ हा शेरा त्याच्याच हातचा होता.

महिन्याभरात नवी नाव आली, आणि तिला खिळा मारायला हुकूम लागणार नाही असा नियम झाला. पुढच्या वर्षी काळोखाची स्पर्धा पुन्हा झाली. पण शेला नव्हता, मांडव नव्हता आणि मौनही नव्हतं. कविता संपली की राजा एवढंच विचारायचा, “हे कुठं घडतंय?” आणि मग तिथे जायचा. सत्कार व्हायचा तो परत आल्यावर. पोपटवाल्यानं त्या वर्षी नाव मागे घेतलं. राजकवींना एकाएकी सर्दी झाली. कविता आल्या अवघ्या चार. पण त्या चारांपायी एका गावाला पूल मिळाला, एका वाडीला वैद्य मिळाला, आणि एका सासुरवाशिणीला तिचा भाऊ येऊन घेऊन गेला.

आवडानं पुन्हा ओवी रचली नाही. लोक विचारायचे, एवढी चांगली कवयित्री तू, लिहीत का नाहीस? ती बापाचं संबळ पुसून खुंटीला अडकवायची आणि म्हणायची, “नाव नीट चाललीय. आता काय लिहू?”

म्हणून सांगतो: कोणाच्या दुःखाला टाळी देण्याआधी त्या दुःखाचा पत्ता विचारावा.